वासाला नावं ठेवू नका

बेकार आहात? अंगात रग आहे आणि नाक कायमचं चोंदलेलं आहे? मग १९१२ सालच्या नॉर्वेत सांडेफ्योर्ड बंदरावर हजर व्हा. क्रिस्टन क्रिस्टेनसेन शेठनी १९०५ मध्ये 'अ‍ॅडमिरालेन' ही जुनी आगबोट देवमाशांची चरबी उकळायच्या भट्ट्या बसवून अंटार्क्टिकाकडे धाडली, तेव्हापासून तिकडेही तेलाचे कारखाने पाण्यावर तरंगू लागलेत.

कामाचं ठिकाण अंटार्क्टिकाजवळचं डिसेप्शन बेट. नावाचा अर्थच फसवणूक, त्यामुळे नंतर कुरकुर चालायची नाही. जागृत ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून झालेलं बंदर आहे. आत वादळ येत नाही. वासही बाहेर जात नाही.

शिकारी बोट देवमासा ओढून आणते. बुडू नये म्हणून त्याच्यात हवा भरलेली असते. (देवमासा हा मासा नव्हे, असं शाळेत बाईंनी सांगितलं असेल. इथं तो पिंपांत मोजतात.) तो जहाजाच्या कुशीला बांधला, की खिळे मारलेले बूट घालून होडीतून त्याच्या बुळबुळीत अंगावर चढायचं आणि हॉकीच्या काठीसारख्या लांब सुऱ्यानं चरबीचा पट्टा सोडवायचा. वरचं वाफेचं यंत्र तो केळ्याच्या सालीसारखा ओढून घेतं. साल निघता निघता धूड पाण्यात कूस बदलतं. त्या वेळी आपण नेमके कुठे उभे आहोत, एवढं व्यवहारज्ञान मात्र हवं.

चरबी निघाली की बाकीचा देह सोडून द्या. मांसात, हाडांत तेल आहे म्हणता? असू दे की, पलीकडे पुढचा बांधलाय! तुमच्या या उष्ट्यावर एक अख्खा कारखाना उभा राहतोय : टाकलेले देह उकळायला ब्रिटिशांनी याच वर्षी हेक्टर कंपनीला किनाऱ्यावर परवाना दिलाय. काटकसर करायला दुसरी कंपनी असताना आपण कशाला जीव जाळा?

पगार बेताचा, पिंपामागे बक्षिसी. तिकडे युरोपात तेलाला हायड्रोजन पाजून घट्ट करायची विद्या निघालीय. त्याचा साबण होतो, पावाला लावायचं मार्गरीनसुद्धा होतं. खाणाऱ्याला वास येत नाही. तो सगळा तुमच्या वाट्याला.

हंगाम संपला की मेजवानी जरूर झोडा, फक्त दिवा सांभाळा. १९१५ मध्ये 'गुव्हर्नोरेन' या तरंगत्या कारखान्यावर अशाच मेजवानीत दिवा कलंडला म्हणतात. पोटात सोळा हजारांवर पिंपं तेल. जहाज पेटलं, कप्तानानं ते किनाऱ्याला नेऊन चढवलं, ८५ च्या ८५ माणसं वाचली. तेल गेलं, त्याचं होणारं मार्गरीनरूपी तूपही गेलं. धुपाटणं तेवढं अंटार्क्टिकातल्या फॉइन बंदरात अजून आहे, गंजून तांबडं झालेलं, अर्धं पाण्यात.