मिरचीचं माहेर आणि माझं लॉन

एप्रिलात आमच्या कॉलनीनं ठराव केला की लॉनला नळाचं पाणी मारायचं नाही आणि नवीन झाडं लावायची ती देशीच. मी पण हात वर केला होता, खोटं कशाला बोलू, चहाबरोबर भडंग होतं आणि ठराव वाचत होते तेव्हा मी त्यातले शेंगदाणे वेचत होतो.

घरी आल्यावर ट्यूब पेटली की कॉलनीत लॉन असलेला मी एकटाच.

शेजारच्या आण्णांनी माझी बाजू घेतली, "कोल्हापुरात पाण्याची काय कमी वो, 2021ला दारात होतं की!" सर, म्हणजे आमचे चेअरमन, बॉटनीचे रिटायर्ड प्राध्यापक, शांतपणे म्हणाले, "आणि नळाला होतं का?" आण्णा गप. पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेलेली, गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही टँकरची वाट बघत होतो.

मग सरांनी माझं लॉन टेपनं मोजलं. अठ्ठावीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर, उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलीमीटर धरलं तर 140 लिटर, आणि शहरात माणसी धरतात 135. "म्हणजे तुमच्या घरात एक पाहुणा कायमचा राहायला आलाय." बायकोनं लगेच माझ्याकडं बघितलं, कारण तिच्या भावाबद्दल मी हेच वाक्य बोललो होतो.

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण सरांना आता जोर चढला. बोगनवेल? ब्राझील. गुलमोहर? मादागास्कर. मी म्हटलं मग गुलमोहर काढून टाकू, तर म्हणे खबरदार, 1975 चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा तोडता येत नाही. म्हणजे परदेशी गुलमोहराला कायद्याचं संरक्षण आणि मला कुणाचंच नाही.

आई परडी घेऊन चाफ्याखाली उभी होती. सर म्हणाले, "हा मेक्सिकोकडचा." आईनं एकदा चाफ्याकडं बघितलं, एकदा सरांकडं. "आणि झेंडू?" "तोही तिकडचाच." दसऱ्याचं तोरण डोळ्यासमोर आलं असणार, ती काही न बोलता आत गेली.

मग सरांची नजर कुंडीतल्या मिरचीवर गेली आणि मला कळलं आता काहीतरी वाईट होणार. "ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणली."

कोल्हापुरात, भरदिवसा, माणूस असं बोलला. आण्णांचा चेहरा तांबड्या रश्शासारखा झाला. "मग पांढरा तरी आपला हाय का न्हाई?" सरांनी विचारलं, "काजू घालता? ब्राझील." जाता जाता भडंगातले शेंगदाणेपण दक्षिण अमेरिकेत पोचवून गेले.

मे महिन्यात मी स्वतःच्या हातानं लॉन उपटलं. सरांच्या यादीत करवंद, अडुळसा, निर्गुडी, तामण. नर्सरीवाला म्हणाला, "देशी पायजे? देशी गुलाब हाय की. करवंद कोण इकत घेतंय साहेब, पन्हाळ्याकडं जावा, फुकट." शेवटी तीन नर्सऱ्या फिरून सगळं जमवलं, बुडात उसाचं पाचट अंथरलं म्हणजे ओल टिकते, हातावर ओरखडे इतके की ऑफिसात विचारलं मांजर पाळलंय काय.

जूनच्या पावसात मोकळ्या जागेत आपोआप हिरवंगार गवत आलं. सर बघून हरखले, "हरळी! म्हणजेच दुर्वा, एकदम आपली, पाणी मारायची गरज नाही, राहू दे." मला काय, न मागता देशी लॉन मिळालं, आणि गणपतीत एकवीसची जुडी घरचीच.

गेल्या आठवड्यात गावाकडनं चुलते आले. आयुष्य गेलं त्यांचं उसातली हरळी काढण्यात. रात्री अंगणात उभं राहून बराच वेळ बघत होते, हळूच म्हणाले, "लई वाईट दिवस आलं काय रं तुझ्यावर?" मी हसून झोपायला गेलो.

सकाळी सहाला खर्रखर्र आवाजानं जाग आली. बाहेर चुलते उकिडवे बसलेले, हातात खुरपं, निम्मं अंगण काळंभोर, आणि मॉर्निंग वॉकवरून येणारे सर फाटकापाशी थबकलेले.