‘आधी माणसं भरा’ म्हणणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना कॉटपाशी उभं राहून ओव्हर द्यायला, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवायला शिकवलं, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘चार अक्षरांचा अमेरिकन फॉर्म्युला पोरींकडून घोकून घेतला, आधी एक टेस्ट, नंतर एक टेस्ट, मार्क वाढले, फोटो काढले, झालं प्रोजेक्ट. शेजारच्या कॉटवरच्यांनी सगळं ऐकायचं का? आणि एका सिस्टरवर किती पेशंट असतात ते बघा. आधी माणसं भरा.’ इनचार्ज म्हणून निवृत्त झालेल्या बाईंचं म्हणणं दोन ओळींत उडवून लावता येत नाही.

टेस्टबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. शिकवल्या शिकवल्या विचारलं तर मार्क वाढणारच, त्यात कसलं आलंय संशोधन! म्हणून आम्ही दुसरंच बघत होतो. ड्युटी संपवून रंकाळ्यापर्यंत पोचलेल्या सिस्टरला ‘अहो, त्या पेशंटचं दुपारचं ॲन्टिबायोटिक गेलंय का?’ असा फोन करावा लागतो का? ते फोन कमी झाले. पेशंट लवकर बरे झाले, असा दावा मी केला नव्हता आणि करणारही नाही.

तुम्ही म्हणता तो चार अक्षरांचा फॉर्म्युला, म्हणजे एसबार (SBAR), मूळचा तिकडचाच. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची पद्धत कैझर पर्मनेन्टे या तिथल्या आरोग्यसंस्थेच्या रुग्णालयांनी उचलली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णसुरक्षेच्या सूचनांत तिचा उल्लेख आला. पण आत्ता काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, आता काय करायला हवं, हे तुम्ही जुन्या सिस्टर न शिकवता सांगत आलात. नवख्या पोरीचं गाडं तिसऱ्यावर अडतं. ‘डॉक्टर, बीपी लो आहे’ एवढं बोलून ती गप्प उभी राहते.

कॉटपाशीच का, तेही सांगते. मेडिकल वॉर्डात एक विद्यार्थिनी सांगत होती, ‘सलाईन चालू, इन्टेक-आउटपुट व्यवस्थित’, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली ते ठीक. पेशंटसोबत गगनबावड्याकडून आलेली जाऊ मध्येच म्हणाली, ‘सलाईन चालू हाय, खरं रातीपासनं पिशवीत काय बी आलं न्हाई.’ चार्टवर आकडा होता, युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, काही नव्हतं. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, हे पोरीला पाठ होतं. वाकून पिशवी बघायचं तेवढं राहिलं होतं. नर्सिंग स्टेशनवर, सिस्टरांच्या टेबलाशी, रजिस्टर उघडून ओव्हर झालं असतं, तर ती जाऊ तिथे बोलायला कुठून आली असती?

शेजारच्यांनी ऐकू नये असं जे असेल ते स्टेशनवरच सांगायचं, हा नियम पहिल्यापासून आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे.

आता माणसांचं. शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, हा भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) निकष. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू? पदं भरायलाच हवीत, मोर्चा काढलात तर मीही येईन. पण ओव्हर आजही दिवसातून तीनदा होतंच की! त्याच वेळात ते नीट व्हावं, एवढंच मागणं. ओव्हरसाठीचा कॉलेजचा छापील फॉर्म बघून वॉर्डातल्या इनचार्जनी सरळ सुनावलं, ‘हे तुमच्या फायलीसाठी आहे, माझ्या पेशंटसाठी नाही.’ मग त्यांनीच चार ओळींची चिठ्ठी ठरवली, आणि तीच चालली.

माझ्या लेखी या सगळ्यातली मोठी गोष्ट हीच. बदल कसा रुजवायचा याचं मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं सूत्र, ‘वितळवा, बदला, गोठवा’, वर्गात शिकवायला सोपं. वॉर्डात गोठवायचं कुणाला? पोस्टिंग संपलं की बॅच पीडियाट्रिकला जाते आणि पुढची बॅच पहिल्यापासून सुरू करते. विद्यार्थिनी तर जाणारच, तिथे राहतात त्या स्टाफ सिस्टर. एका वॉर्डात इनचार्जची बदली झाली आणि थोड्याच दिवसांत सगळ्या पुन्हा रजिस्टरभोवती जमायला लागल्या. दुसऱ्या वॉर्डात आम्ही नसतानाही चिठ्ठी चालू आहे, कारण तिथल्या सिस्टरना ती स्वतःची वाटते. ट्यूटरने कितीही जीव टाकला तरी दहा विद्यार्थिनींमागची ती एक बाई, तीही दुपारी कॉलेजात परत जाणारी.

रात्रीचं ओव्हर मात्र जमलेलं नाही. पोरी संध्याकाळी हॉस्टेलला जातात, माणसं सगळ्यात कमी असतात, आणि निरोप गळतात ते नेमके तेव्हाच. तिथे तुमचं म्हणणं मला मान्यच करावं लागतं. तुमच्या वॉर्डात रात्रीचं ओव्हर कॉटपाशी व्हायचं का? झोपलेल्या पेशंटला उठवायचात की कसं? तेवढं लिहा.