'कॅमेऱ्याचा कोनच चुकीचा होता': शिकागोच्या व्हिडिओबद्दलचा एक लाडका युक्तिवाद

पोलिसांच्या गोळीबाराचा एखादा व्हिडिओ वादात सापडला की शिकागोचं लक्वान मॅकडोनल्ड प्रकरण हमखास निघतं. त्याच्या पाठोपाठ एक तयार युक्तिवादही येतो. तो थोडक्यात असा: तो व्हिडिओ लांबून आणि बाजूने घेतलेला होता, त्यात आवाज नव्हता, पोलिसाच्या डोळ्यांना काय दिसत होतं ते त्यात नव्हतंच. पोराच्या हातात चाकू होता, अंगात नशा होती. पोलिसाने प्रशिक्षणात शिकवलं तेच केलं. पुढे व्हिडिओ टीव्हीवर आला, लोक खवळले, आणि जनमताला शांत करायला त्या पोलिसाचा बळी दिला गेला.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच बाकीची वाक्यं त्याच्या आडोशाने खपून जातात.

आधी घटना. 20 ऑक्टोबर 2014 ची रात्र, शिकागोच्या नैऋत्य भागातला पुलास्की रोड. ट्रकच्या आवारात कुणीतरी गाड्या फोडतंय असा फोन आला म्हणून पोलीस गेले, तर 17 वर्षांचा लक्वान मॅकडोनल्ड तीन इंची पात्याचा घडीचा चाकू घेऊन चाललेला. त्याने पोलिसांच्या गाडीचं एक टायर चाकूने फाडलं, पुढच्या काचेवरही वार केला. मागावर असलेल्या पोलिसांनी टेझर, म्हणजे विजेचा झटका देऊन माणसाला रोखणारं यंत्र, मागवलं होतं आणि ते येईपर्यंत ते त्याच्या मागे राहिले होते. तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून जेसन व्हॅन डाइक हा पोलीस उतरला. उतरल्यापासून साधारण सहा सेकंदांत त्याने गोळीबार सुरू केला आणि सोळा गोळ्या झाडल्या. लक्वान त्यात मेला. पोलीस संघटनेच्या प्रवक्त्याने त्याच रात्री पत्रकारांना सांगितलं की पोरगा अंगावर धावून आला. तेरा महिन्यांनी, 24 नोव्हेंबर 2015 ला, पोलीस गाडीच्या डॅशकॅमचं चित्रीकरण बाहेर आलं. त्यात तो पोलिसांपासून तिरका, दूर जाताना दिसतो. त्याच दिवशी व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप ठेवला गेला.

आता मुद्दे.

'व्हिडिओत पोलिसाचा दृष्टिकोन नाही.' बरोबर, नाही. कॅमेरा मागून येणाऱ्या गाडीत होता, आणि अशा चित्रीकरणात दोन माणसांमधलं अंतर नेमकं कळत नाही. हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीनेही पोकळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात घालून दिलेली कसोटीच अशी आहे की पोलिसाने वापरलेलं बळ त्या जागी, त्या क्षणी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून तपासायचं. नंतर आरामखुर्चीत बसून नव्हे.

पण कोनाने नेमकं काय बदलतं, हे विचारायला नको का? चेहऱ्यावरचे भाव बदलतील, अंतराचा अंदाज बदलेल, चाकू कुठे दिसला, किती दिसला, हेही बदलेल. पण माणूस कितव्या सेकंदाला खाली पडला आणि त्यानंतर किती वेळ गोळीबार चालू राहिला, हे कॅमेरा डावीकडे ठेवा की उजवीकडे, बदलत नाही. सगळा गोळीबार चौदा-पंधरा सेकंदांचा. त्यातला उभ्या माणसावरचा भाग दीड-दोन सेकंदांचा, बाकी सगळा वेळ तो रस्त्यावर आडवा होता. व्हिडिओत डांबरावरून उडणारी धूळ दिसते, ती याच वेळातली. ती बघायला पोलिसाच्या जागी उभं राहावं लागत नाही.

आणि कोनाचा मुद्दा न्यायालयाने ऐकलाच नाही असं जे सांगितलं जातं, ते तर धडधडीत चूक आहे. 2018 च्या खटल्यात बचाव पक्षाने घटनास्थळाचं लेझर मोजमाप घेऊन व्हॅन डाइकच्या नजरेतून केलेलं संगणकीय चित्रण ज्युरीला दाखवलं. दोघांमधलं अंतर कमी होत होतं, हे पटवणं हा त्याचा हेतू. मग व्हॅन डाइक स्वतः साक्षीला उभा राहिला. व्हिडिओत माझी बाजू दिसत नाही, हे त्याने तिथेच सांगितलं. आपण मागे सरकत होतो असं त्याला आठवत होतं. सरकारी वकिलाने उलटतपासणीत व्हिडिओ लावला, त्यात तो पुढे पाऊल टाकताना दिसत होता. तेव्हाची समजूत आणि आता कळलेलं यात फरक आहे, असं त्याला म्हणावं लागलं. म्हणजे ज्या नजरेचा एवढा हवाला दिला जातो, त्या नजरेला स्वतःचे पायही नीट आठवत नव्हते.

याच खटल्यात आणखी एक गोष्ट उघड झाली, तीही बचाव पक्षाच्याच मानसशास्त्रज्ञाच्या तोंडून. गाडीतून उतरण्याआधीच व्हॅन डाइक जोडीदाराला म्हणाला होता की आपल्याला याला गोळी घालावी लागणार. पोलिसाच्या मनात शिरायचंच असेल तर या वाक्यापाशीही थांबावं लागेल. युक्तिवाद करणारे तिथे थांबत नाहीत.

'त्या जागी दुसरा कुणीही असता तर त्याने तेच केलं असतं.' त्या जागी दुसरे होते. एक पोलीस तर पिस्तूल काढून बराच वेळ पायी त्याच्या मागून चालला होता. टायर फाडलं गेलं तेव्हाही त्याने गोळी झाडली नाही. गोळीबाराच्या क्षणी आजूबाजूला अर्ध्या डझनाहून जास्त पोलीस होते. सोळाच्या सोळा गोळ्या एकाच पिस्तुलातल्या निघाल्या. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात वजनदार पुरावा हा आहे, आणि त्याचा कॅमेऱ्याशी काहीच संबंध नाही.

'आवाजच नाही, मग संदर्भ कसा कळणार?' आवाज नाही हे खरं. पण तो का नाही? त्या रात्री तिथे आलेल्या पोलीस गाड्यांपैकी पाच गाड्यांची चित्रीकरणं पुढे जाहीर झाली, आणि एकातही कामाचा आवाज नव्हता. एखाद्या गाडीचा माइक बंद पडला तर योगायोग म्हणता येतो. शिकागो पोलिसांनीच 2015 च्या अखेरीस आपल्या 850 डॅशकॅमचा आढावा घेतला तेव्हा कळलं की सुमारे 80 टक्के यंत्रणांवर आवाज नोंदलाच जात नाही. कारणं दिली होती ती हाताळणीतल्या चुका आणि काही ठिकाणी मुद्दाम केलेली मोडतोड. ज्याने आवाज बंद केला त्याच्याच बाजूने 'आवाज नाही' हा मुद्दा वापरायचा, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. जाता जाता: आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात देशभरच्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावायला सांगितलं, तेव्हा चित्रासोबत ध्वनीही हवा असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या गावच्या ठाण्यातला कॅमेरा ऐकतो की नुसताच बघतो, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

इथे विरुद्ध बाजूच्या एका अफवेचाही समाचार घ्यायला हवा. शेजारच्या बर्गर किंगच्या सीसीटीव्हीत 86 मिनिटांचा खंड आहे आणि पोलिसांनी ते चित्रीकरण पुसलं, असं ठामपणे सांगितलं जातं. खंड आहे. पोलीस त्या रात्री तिथे चित्रीकरण पाहायला गेले होते, असं दुकानाच्या व्यवस्थापकाचं म्हणणं होतं. पण पुसल्याचा पुरावा सरकारी तपासणीत मिळाला नाही. पोलिसांवर टीका करायला जे सिद्ध झालंय तेवढं भरपूर आहे.

'नशा होती, चाकू होता.' दोन्ही होतं. रक्तात पीसीपी हे अमली द्रव्य सापडलं. टेझर मागवलं होतं ते चाकूसाठीच. पुढे बोलण्यासारखं यात फारसं नाही.

'धोका संपेपर्यंत गोळ्या झाडा, हेच शिकवतात.' प्रशिक्षणाचं सूत्र साधारण तसंच आहे, मान्य. मग धोका कधी संपला? व्हॅन डाइकच्या दाव्याप्रमाणे पडलेला मुलगा चाकू रोखून उठायचा प्रयत्न करत होता. त्या रात्रीच्या कागदपत्रांतही असंच लिहिलं गेलं. व्हिडिओत तसं काही दिसत नाही. पण व्हिडिओ बाजूला ठेवू. पिस्तूल रिकामं झाल्यावर तो पुन्हा गोळ्या भरायला लागला, तेव्हा त्याच्या जोडीदाराने त्याला थांबायला सांगितलं, पुढे जाऊन चाकूला लाथ मारली आणि तो दूर उडवला. जोडीदार चालत जवळ जाऊ शकला, याचा अर्थ ज्याला वाटला त्याने लावावा.

सोळा जखमांची गोष्टही मुळात व्हिडिओतून बाहेर आली नव्हती. सुरुवातीला जगाला सांगण्यात आलं होतं ते एवढंच की छातीत गोळी लागली. फेब्रुवारी 2015 मध्ये जेमी काल्व्हेन या पत्रकाराने शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून छापला, तेव्हा आकडा कळला. व्हिडिओ त्यानंतर नऊ महिन्यांनी आला. सरकारी गोष्टीला पहिला तडा कागदाने दिला होता. व्हिडिओ उद्या कुणी खोटा ठरवला तरी तो अहवाल तिथेच आहे.

'जनमताच्या दबावाखाली बळी दिला.' दबाव होता यात शंका नाही. पोलीस प्रमुख गॅरी मॅकार्थी यांची गच्छंती झाली, सरकारी वकील अनिता अल्वारेझ 2016 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत पडल्या. पण दबावाखाली बळी द्यायचा असता तर ज्युरीने पहिल्या श्रेणीचा खून म्हणून हात झटकले असते. 5 ऑक्टोबर 2018 चा निकाल तसा नाही. दुसऱ्या श्रेणीचा खून, आणि बंदुकीने गंभीर मारहाणीचे सोळा गुन्हे, गोळीमागे एक. अधिकाराच्या गैरवापराच्या आरोपातून तो सुटला.

इलिनॉय राज्याच्या कायद्यात दुसऱ्या श्रेणीचा खून म्हणजे काय, हे पाहिलं की युक्तिवादाचा कणाच मोडतो. आपला जीव धोक्यात आहे असं आरोपीला मनापासून वाटलं, पण तसं वाटणं वाजवी नव्हतं, अशा स्थितीत हे कलम लागतं. आपल्याकडचा खून न ठरणारा सदोष मनुष्यवध याच्या आसपास येतो. म्हणजे ज्युरीतल्या बारा जणांनी पोलिसाच्या डोक्यात शिरून पाहिलं, त्याच्या भीतीला खोटं म्हटलं नाही, आणि तरीही ती भीती पुरेशी नाही असं ठरवलं. 'त्याची बाजू कुणी पाहिली नाही' असं म्हणणाऱ्याने निकाल नीट वाचलेला नाही. शिक्षा झाली 81 महिन्यांची. फेब्रुवारी 2022 मध्ये, निम्मीही न भोगता, तो बाहेर आला. बळीच्या बकऱ्याला इतकी सवलत मिळत नसते.

'त्या रात्रीचे अहवाल लिहिणारे तिघे पोलीस निर्दोष सुटले, म्हणजे अहवाल खरे होते.' तिघे सुटले, जानेवारी 2019 मध्ये, व्हॅन डाइकला शिक्षा सुनावली जाण्याच्या आदल्या दिवशी. खटला कटाचा होता, ज्युरीविना, एकट्या न्यायाधीशांसमोर. तिघांनी संगनमताने खोटं लिहिलं हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, इतकंच त्यातून निघतं. न्यायाधीशांनी व्हिडिओच्या कोनाचाही उल्लेख केला होता, तो या मंडळींना तोंडपाठ असतो. पण त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोच्या पोलीस मंडळाने याच रात्रीच्या खोट्या जबाबांबद्दल दुसऱ्या चार पोलिसांना बडतर्फ केलं, ते कुणी सांगत नाही. फौजदारी गुन्हा आणि नोकरीतलं वर्तन, दोहोंची मोजपट्टी वेगळी. आपल्याकडे खातेनिहाय चौकशी पाहिलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागू नये.

'व्हिडिओ घाईने बाहेर सोडले की तपास बिघडतो.' तत्त्वतः ही काळजी रास्त आहे, साक्षीदार व्हिडिओ पाहून आपली आठवण दुरुस्त करतात. पण शिकागोत घाई कुठे झाली? तेरा महिने शहराने ताकास तूर लागू दिली नाही. एप्रिल 2015 मध्ये, महापौरपदाची दुसऱ्या फेरीची निवडणूक होऊन आठवडा झाला आणि नगर परिषदेने मुलाच्या कुटुंबाला 50 लाख डॉलर द्यायचा ठराव एकमताने मंजूर केला, तोही कुटुंबाने दावा दाखल करण्याआधी. व्हिडिओ मात्र बंदच. ब्रँडन स्मिथ नावाच्या मुक्त पत्रकाराने माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली दावा लावला, न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा तो बाहेर आला. त्या तेरा महिन्यांत तपास पूर्ण करायला कुणी हात धरले नव्हते.

2016 पासून शिकागोत नियम आहे की अशा घटनांची चित्रीकरणं साधारण 60 दिवसांत जाहीर करायची. त्याची कसोटी मार्च 2021 मध्ये लागली. 13 वर्षांच्या एका मुलाला रात्री गल्लीत पोलिसाची गोळी लागली. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं (बॉडीकॅमचं) चित्रीकरण अडीच आठवड्यांत बाहेर आलं. गोळी लागली तेव्हा मुलाचे हात रिकामे होते, आणि एका सेकंदाहूनही कमी वेळ आधी त्याच्या हातात पिस्तूल होतं. दोन्ही गोष्टी त्याच चित्रीकरणात. एका सरकारी वकिलाने न्यायालयात आधी दिलेलं वर्णन चित्रीकरणाशी जुळेना, म्हणून कार्यालयाला ते मागे घ्यावं लागलं. आणि वर्षभराने, तेच चित्रीकरण तपासून, पोलिसावर गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय झाला. कोन, अंधार, सेकंदाचा अंश, ज्या ज्या गोष्टी मॅकडोनल्ड प्रकरणात ओढूनताणून आणल्या जातात, त्या इथे खरोखरच्या अडचणी होत्या आणि पोलिसाच्या बाजूने मोजल्याही गेल्या.