खाली पत्रं उतरतात, वर काहीच चढत नाही

पंचायत समितीत नोकरी करून निवृत्त झालोय, तेव्हा आता मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. आपल्या मराठवाड्यात काम अडलं की "निधी नाही" आणि "माणसं नाहीत" ही दोन कारणं ठरलेली. दोन्ही खरीच आहेत. तिसऱ्याचं नाव मात्र कुणी घेत नाही: एकाच तालुक्यात पगार घेणारी माणसं एकमेकांशी कामाचं बोलतच नाहीत.

टँकरचंच घ्या. ग्रामपंचायतीनं ठराव करायचा, प्रस्ताव पंचायत समितीत द्यायचा, मग तहसील आणि पंचायत समितीची संयुक्त पाहणी, मग महसूलची मंजुरी. गावात तलाठी तहसीलदारांचा, ग्रामसेवक बीडीओंचा, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांचा. (२०२४ साली एक झाला ग्राम महसूल अधिकारी, दुसरा ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, बाकी हाय तेच.) साहेब वेगळे, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे, मीटिंगचे वार वेगळे. एकाला पाहणीला सवड मिळते तेव्हा दुसरा व्हीसीत, म्हणजे वरच्यांच्या व्हिडिओ बैठकीत. तोवर बाया-माणसं घागरी घेऊन शेतातल्या विहिरींवर.

बरं, हे अचानक होतं का? टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असा तीन टप्प्यांत आधीच तयार असतो. यंदा कोणत्या वस्तीची विहीर लवकर तळाला जाणार, हे गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला दिवाळीतच कळतं. त्याला विचारतो कोण? मागच्या वर्षीची यादी उघडायची, साल बदलायचं, थोडे आकडे वरखाली करायचे आणि पाठवून द्यायची. मीही अशा याद्या वर जाताना पाहिल्यात.

संदेशांचा दुष्काळ मात्र कधीच नसतो. सकाळी उठल्यापासून ग्रुपवर "तात्काळ", "अतितात्काळ", "माहिती आजच सादर करा, अन्यथा कारणे दाखवा". तीच माहिती दोन विभाग दोन वेगळ्या तक्त्यांत मागतात. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, हातात मोबाइल, मग तो "निरंक", म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं टाकतो आणि सुटतो. सगळा तालुका निरंक झाला की वरच्याला वाटतं, आबादीआबाद आहे.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिनांनी १९८० च्या दशकात कार्यालयाची घडीच बदलली, कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत आली, काहीच प्रलंबित न ठेवायची झिरो पेंडन्सी आली. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार फाइल टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबायला नको. मग सातव्या दिवशी किरकोळ त्रुटी काढून फाइल खाली परत. नियमही पाळला, कामही झालं नाही! गावाला उत्तर मिळालं का, हे फाइलींच्या रजिस्टरमध्ये कुठल्याच रकान्यात येत नाही.

मार्च २०२२ मध्ये इथल्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. सदस्य काय धुतल्या तांदळासारखे नव्हते, निम्म्यांचं लक्ष ठेकेदारीवर असायचं. पण सर्वसाधारण सभेत एखादा उठून "मागच्या ठरावाचं अनुपालन वाचा" म्हणायचा तेव्हा खातेप्रमुखाला घाम फुटायचा. खालचं वर पोचवायची तेवढी एक वाट होती, तीही कित्येक वर्षं बंद राहिली.

माझं मागणं लहान आहे. ग्रामसेवकांची मासिक सभा घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीच्या टक्केवारीनं सुरू होते आणि झापाझापीत संपते. ती अडलेल्या कामांनी सुरू करा. मागच्या महिन्यात कुणी काय अडल्याचं सांगितलं आणि साहेबांनी त्याचं काय केलं, हे साहेबांनीच आधी वाचायचं. जानेवारी ते जून त्या सभेला तहसीलदारांनी बसायचं, तलाठ्यांसह. टँकरची, विहीर अधिग्रहणाची (खासगी विहीर गावासाठी ताब्यात घेण्याची) पाहणी कोणत्या तारखेला ते तिथंच ठरवून टाकायचं. याला जीआर, म्हणजे शासन निर्णय, लागत नाही, दोन साहेबांनी एकमेकांना एक फोन करावा लागतो.