‘मुलाला उन्हात सोडलं असतं तर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बाळदमा आणि ‘ड’ (म्हणजे डी) जीवनसत्त्वावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया परवाच वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते, म्हणून आज लिहितेय. आपलं म्हणणं थोडक्यात असं: एकक चुकलंय, डी हाडांसाठी असतं, त्याचा दम्याशी संबंध नाही, मोठ्या चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, ‘नाशिकसारख्या उन्हाच्या गावात डी कमी कसं? मुलाला वेळेवर उन्हात सोडलं असतं तर ही वेळ आली नसती.’

एककाची चूक कबूल. रक्तातल्या डीच्या मोजमापात 20 नॅनोग्रॅमच्या जागी 20 नॅनोमोल पडलं होतं. दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम म्हणजे दर लिटरला 50 नॅनोमोल. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. हेच वाक्य मी माझ्या दमेकरी मुलाला घेऊन दोन वर्षं एका दवाखान्यात ऐकलंय. ‘नाशकात काय ऊन कमी आहे का?’ असं म्हणून तपासणीची चिठ्ठी मिळायची नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासायला लावलं, तेव्हा डीचा आकडा आला 9 नॅनोग्रॅम.

सकाळी पावणेसातला व्हॅन दारात येते. पोरगं दीडला घरी, चारला क्लास. ‘कोवळं ऊन’ म्हणाल, तर सूर्य तिरपा असताना कातडीत डी तयार करणारे किरण वरच्या हवेतच अडतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण दहा ते तीन, आणि त्या वेळात मुलं वर्गात असतात. काचेतून तर ते किरण येतच नाहीत. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. सगळ्या देशभर भर उन्हात डीची कमतरता सापडते ती उगाच नाही.

आणि मैदानाचं म्हणाल, तर पाऊस ओसरला की आमच्या इंदिरानगरात मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत पांढरं फुलतं. दहा मिनिटं पळाला की छातीत घरघर. मी त्याला घरात ठेवलं, होय. डिसेंबरच्या रात्री अडीच वाजता मूल उशीला टेकून बसलंय, दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, ‘आई’ म्हटल्यावर ‘पाणी’ म्हणायला त्याला पुढचा श्वास घ्यावा लागतोय, हे तुम्ही पाहिलंय का? मी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, तोंडाला धरून पंपाचे पफ मोजत बसलेय. पाहिलं नसेल तर आईने काय करायला हवं होतं हे सांगू नका.

‘हाडांचं जीवनसत्त्व’ हे तर फार जुनं झालं. ॲलर्जीच्या दम्यात धूळकिडे किंवा परागकण आत गेले की मदतनीस टी पेशींचा एक गट, ज्याला टीएच-2 म्हणतात, आयएल-4, आयएल-5, आयएल-13 हे पेशींना निरोप देणारे रेणू सोडतो. त्यातून आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, नळ्या सुजतात, चिकट कफ साठतो. या पेशींना आवरायला शरीरात नियामक टी पेशी असतात आणि आयएल-10 हा त्यांचा एक मुख्य निरोप. डीला पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) या रोगप्रतिकारक पेशींतही असतो. इतकंच नाही, श्वासनळीचं अस्तर आणि तिथल्या भक्षक पेशी डीचं सक्रिय रूप जागच्या जागी तयार करतात, त्यासाठी मूत्रपिंडावर अवलंबून राहत नाहीत. 2006 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या दमेकऱ्यांच्या टी पेशींना डीची जोड दिली की त्या स्टेरॉइडच्या जोडीने पुन्हा आयएल-10 बनवू लागतात. हे प्रयोगशाळेतल्या पेशींत, मान्य. पण ‘संबंध नाही’ म्हणण्याआधी एवढं तरी वाचायचं.

चाचण्यांचं मलाही माहीत आहे. 2014 ची 408 प्रौढांवरची, 2020 ची 192 मुलांवरची, दोन्हींत फायदा दिसला नाही, आणि 2023 च्या कॉक्रेन (चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था) आढाव्याचाही सूर तोच. पण 2017 च्या एकत्रित विश्लेषणात ज्यांचं डी 10 नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांच्यातच फायदा उठून दिसला होता. माझा मुलगा त्यांच्यातला. त्याचं डी भरून काढलं, पंप एक दिवसही बंद केला नाही, आणि आधीच्या हिवाळ्यात दर पंधरवड्याला नेब्युलायझर लावावा लागायचा तो पुढच्या हिवाळ्यात एकदाच लावला. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्या रात्री मी मोजल्यात. या मुद्द्यावर मी आणखी वाद घालणार नाही.

आणि दुकानातून डीची 60 हजार युनिटची पुडी आणून पोरांना चारा, असं मी लिहिलेलं दाखवून द्या. नऊ ओळी मी जादा डोसवर लिहिल्यात: रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडाला इजा होते, आधी तपासा, मग डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. त्या नऊ ओळी ओलांडून तुम्ही थेट माझ्या आईपणावर आलात.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. ते शेवटचं वाक्य तेवढं तुम्ही स्वतः मागे घ्या.