टाळं ठोकलं नाही म्हणजे गळचेपी नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, सरकारने एकाही पेपरला टाळं ठोकलेलं नाही, मग गळचेपी कसली? उलट बड्या भांडवलदारांच्या पेपरांना वेसण घालून छोट्यांना जगवायचं तर सरकारला मध्ये पडावंच लागेल. छोट्या पेपरांबद्दलची तुमची कळकळ मला मनापासून पटते. पण नेमका हाच युक्तिवाद एकदा सुप्रीम कोर्टात तपासला गेलाय, तोही पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात.

पेपरची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केंद्राने 1956 साली केला, आणि 1960 मध्ये त्याखालचा आदेश काढला. कारण तुमचंच: मोठे पेपर कमी पैशांत जास्त पानं देतात, त्यात छोटे मरतात. ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा, रविवार सोडून आठवड्याची 34 पानं. नव्या हिशेबात ते बसेना. पानं कापावीत तर बातम्या जाणार, किंमत वाढवावी तर वाचक जाणार. 1961 मध्ये कोर्टाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. न्या. मुधोळकरांच्या निकालाचा गाभा असा की, धंद्यावर जनहितासाठी बंधन घालता येतं, पण तेवढ्याच कारणाने लिहिण्या-बोलण्यावर घालता येत नाही. आणि किती लोकांपर्यंत पोचायचं, हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग. हेतू चांगला होता की नाही, यावर हे अवलंबून नव्हतं.

आणीबाणीचं तुणतुणं पुरे, असंही तुम्ही लिहिलंय. पण तेव्हा निदान सेन्सॉर अधिकारी होता, त्याचा हुकूम होता. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे संपादक मिनू मसानी त्या हुकमाविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेले आणि 1976 मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जिंकले.

आता माझं सांगतो. तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकात मी पाच वर्षं पानं लावली. पाणी योजनेत हलके पाइप टाकल्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर घेतली. पुढच्या आठवड्यात सरकारी टेंडर नोटिसांच्या आरओ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापा असं सांगणारा लेखी आदेश) आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. पत्र नाही, नोटीस नाही. फोन केला की ‘बघतो, पाठवतो’. आमचा निम्मा खर्च त्या नोटिसांवर निघायचा. गुरुवारी रात्री मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “पाइपांचा दुसरा भाग राहू दे का या वेळी?” मीच तो काढला आणि तिथे पाककृती लावली. तीन आठवड्यांनी आरओ सुरू झाल्या. गावातले एक आजोबा ऑफिसात येऊन विचारून गेले, “पुढं काय झालं हो त्या पाइपांचं?” माहिती घेतोय म्हणालो. माहिती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ती गोष्ट मला अजून टोचते.

सांगा, आम्ही कोर्टात काय घेऊन जाणार होतो? ‘सकाळ’कडे राजपत्रातला आदेश होता, मसानींकडे सेन्सॉरचा हुकूम. आमच्याकडे फक्त न आलेल्या आरओ होत्या.

छोट्या पेपरांना सरकारी जाहिराती जरूर द्या, मी तर जास्त द्या म्हणेन. पण यादी ठरलेली असू दे, पाळी ठरलेली असू दे, आणि एखाद्याची पाळी चुकवलीत तर कारण लेखी द्या, सही-शिक्क्यासह. म्हणजे त्या कागदावर भांडता तरी येईल.