किल्ली द्यायला गेलो होतो

गाळ्याची किल्ली परत करायला मालकांकडे गेलो आणि द्राक्षाचा फरार व्यापारी ठरून घरी आलो. दहा दिवस झाले, अजून जळजळतंय.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान होतं. करार ३६ महिन्यांचा, भाडं २२ हजार, डिपॉझिट दीड लाख. हल्ली लोक कागदाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि पुढे ढकलतात. पंधराव्या महिन्यात मी हात टेकले. तेव्हा कळलं की करारात २४ महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे त्याआधी गाळा सोडला तरी तेवढ्या महिन्यांचं भाडं द्यायचंच. वाचल्याचं आठवत नव्हतं. नोंदणीसाठी एजंट यंत्र घेऊन दुकानातच आला होता. "अंगठा जरा दाबून ठेवा, उमटत नाहीये," यातच माझं सगळं लक्ष. शेवटी उमटला मेला.

राहिलेले ९ महिने गुणिले २२ हजार, म्हणजे १ लाख ९८ हजार. डिपॉझिट वळतं करूनही ४८ हजार मीच देणं लागतो, असं मालकांनी कॅल्क्युलेटरवर दाखवलं. कॅल्क्युलेटर मीच दिवाळीला भेट दिलेला.

"काका, मी काय म्हणतो..." एवढंच म्हणालो, तर सोफ्यावरून आवाज आला, "सौदा म्हंजे सौदा."

हे मालकांचे मेव्हणे, निफाडचे बागायतदार. बहिणीला द्राक्षांचं क्रेट द्यायला आले होते. त्यांचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. पण बशीतल्या चहावर फुंकर मारत ते पुढे सरकले.

"वेल लावला की पहिलं पीक हातात यायला दीड-दोन वर्षं जातात. मी वेलाला म्हणतो का, पंधरा महिने झाले, चाललो?"

याला काय उत्तर देणार? उलट लॉक-इन मला पहिल्यांदाच नीट समजला, हा आणखी एक वैताग.

"एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. थंडी पडली की रात्रीचं उठून बागेत शेकोट्या. आणि माल तयार झाला की तुम्ही इसार टेकवता..."

"मी नाही, अण्णा."

"...गाडी भरून नेता आणि फोन बंद करता!"

तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने त्यांना साडेचार लाखांना बुडवलं होतं. तो सापडला नाही. मी सापडलो.

"माझा फोन चालू आहे," मी खिशातून काढून दाखवला. अण्णांनी तो हातात घेऊन खात्री केली.

मालकांना जोर चढला. "आणि सिंहस्थ तोंडावर असताना कोणी गाळा सोडतं का?"

"काका, साधूंना झेरॉक्स लागते का?"

"आधार कार्डाची लागणारच की," अण्णा म्हणाले.

शेवटी मालकांनी मोठ्या मनाने ४८ हजार सोडले आणि तितक्याच मोठ्या मनाने दीड लाख ठेवून घेतले. निघताना अण्णांनी क्रेटमधली दोन किलो द्राक्षं पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मला भरून आलं.

"दीडशे रुपये," ते म्हणाले. "रोख. व्यापाऱ्याला उधार नाही."

हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं. पण पाचव्या दिवशी तिकडून जात होतो, तर माझ्या गाळ्याचं शटर वर, आत मोमोवाला. म्हणजे पुढच्या महिन्यांचं भाडं माझ्याकडूनही घेतलं आणि त्याच्याकडूनही. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात माझा एक वर्गमित्र वकील आहे. तो म्हणाला, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे ना! करारात दंडाचा आकडा कितीही लिहा, मिळते ती वाजवी भरपाईच. आणि गाळा लगेच पुन्हा गेला तर नुकसान कसलं? मी म्हटलं, "मग लावायचा का दावा?" त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं असतं तर मी लावलाही असता.

काल न राहवून मोमोवाल्याकडे गेलो. एक प्लेट घेतली, बरी होती. धंदा कसा चाललाय, विचारलं.

"मोमोचा होईल हळूहळू," तो म्हणाला. "पण काका, दिवसाला दहा-बारा जण झेरॉक्स विचारत येतात. कुणाकडे जुनं मशीन असलं तर सांगा ना."